मागच्या ओसरीतली ऊब

तो खोकला मी रिक्षातून उतरता उतरताच ओळखला. कोरडा, आखूड, लागोपाठ तीनदा. मग जरा थांबून एकदा. रिक्षावाला मागून "ताई, पिशवी राहिली" म्हणून ओरडतोय आणि मी जळगावातल्या आमच्या घराच्या फाटकाशी ठोंब्यासारखी उभी. आईला जाऊन तीस वर्षं झाली. हा खोकला तिच्याबरोबरच गेला, असं मी समजून चालले होते.

खोकत होती रूपाली. माझ्या धाकट्या भावाची, सुनीलची, सून. गेल्या वैशाखात लग्न होऊन आली. मागच्या ओसरीत शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत बसली होती. मला पाहून उठली, "अक्का, तुम्ही तर उद्या येणार होत्या ना?" म्हणाली आणि हसता हसता ओढणी तोंडावर धरली. मी विचारलं, किती दिवस झाले गं खोकल्याला? "काही नाही हो, धुळीचा आहे. नानांनी आता मशीन चालू केलंय ना माझ्यासाठी, होईल कमी."

कोणतं मशीन, हे मला विचारावं लागलं नाही. तिच्या खुर्चीच्या मागे, भिंतीतून जमिनीपासून दोन हात वर, तोच पत्र्याचा पाइप बाहेर आलेला होता. मी त्याच्या तोंडाशी तळहात धरला. वारा कोमट होता, आणि त्याला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास होता.

धुळ्याला शाळेत मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं. बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझ्या सासूबाई, देव त्यांचं भलं करो, मला तोंडाची तोफ म्हणायच्या. पण या एका पाइपाबद्दल मी जन्मभर मूग गिळून बसले आहे. त्या दिवशी ओसरीत उभी असताना मला दोन गोष्टी लख्ख कळल्या. यावेळीही गप्प बसले तर ही पोरगी आईच्याच वाटेने जाणार. आणि बोलले, तर माझ्या वडिलांना, ऐंशी वर्षांच्या नानांना, त्यांच्या म्हातारपणी मी असं काही सांगणार, की त्यानंतर त्यांनी जगायचं कसं हे मलाही सांगता आलं नसतं.

घर आणि नानांचा कारखाना यांच्यात तेव्हाही एकच भिंत होती. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं लांबट छप्पर. त्याखाली सागाच्या फळ्या, कपाटांचे सांगाडे आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेली वीस-पंचवीस मशिनं. नाना पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. सुतारकाम हातात होतं, पण जीव लाकडात नव्हता. जीव होता मशिनांची पोटं उघडून बघण्यात. नवा ड्रिल घरात आला की आधी त्याला हळदकुंकू आणि लगेच पेचकस. आई म्हणायची, "अहो, चालू तरी करून बघा." नाना म्हणायचे, "कंपनी बठ्ठा जगसाठे करस. मी एक माणूससाठे करस."

सगळ्या जगासाठी नाही, एका माणसासाठी; आणि करायचेही तसंच. डावखुऱ्या सुतारासाठी ग्राइंडरची मूठ उलटीकडून बसवून देत. मुक्ताईनगरचा एक सुतार यायचा, त्याची उजव्या हाताची दोन बोटं रंध्यात गेलेली; बटन दाबून धरणं त्याला जमेना. नानांनी शिलाई मशीनचं पायडल आणून त्याचा ड्रिल पायावर चालवला. तो माणूस त्या दिवशी ओट्यावर बसून रडला होता. केळीवाले शेतकरी फवारणीचे पंप घेऊन यायचे, पंप दुरुस्त होईपर्यंत गप्पा मारत बसायचे आणि जाताना केळीचा घड ठेवून जायचे. आम्ही भावंडं केळी खाऊन खाऊन वैतागायचो.

मला अजून आठवतात ते आवाज. डोळे मिटून सांगावं, हा मोठा कटर, हा रंधा, हा जुना ग्राइंडर. मोटारीतला कार्बन झिजला की मशीन जरा घोगरं व्हायचं, आणि नाना जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "गया तो." कुठल्या मशीनचं कोणतं बेअरिंग जाणार हे त्यांना चार दिवस आधी कळायचं. जळालेल्या वायंडिंगचा वास, ग्रीसचा वास, सरसाचा वास, आणि या सगळ्यावर सागाच्या भुशाचा तो गोडसर, नाकात बसणारा वास. चैत्रात पत्रा तापला की तो वास घरभर फिरायचा. पावसाळ्यात भुसा ओलसर व्हायचा आणि कोपऱ्यातल्या ढिगाला आंबूस वास यायचा. आमच्या पोळीला, अंथरुणाला, केसांना, सगळ्यालाच तो वास. शाळेतल्या मुली मला 'सुतारपक्षी' म्हणायच्या, आणि मी त्यांना काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईचा खोकला सुरू झाला तो मी आठ-नऊ वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात. कुरडयांचा चीक घोटता घोटता ती थांबली, पातेल्याच्या काठाला धरून उभी राहिली, आणि खोकली. आम्हाला वाटलं, मिरचीचा ठसका. दिवाळीपर्यंत तो घरातलाच एक आवाज झाला होता. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. सुताराच्या बायकोला धूळ टाळा म्हणणं म्हणजे कोळिणीला पाणी टाळा म्हणण्यासारखं. पण नानांनी ते वाक्य मनावर घेतलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग पंधरा दिवस त्यांनी गिऱ्हाइकाच्या कामाला हात लावला नाही. एका जिनिंग कारखान्याच्या भंगारातून पंखा आणला. तेलाचा मोठा पिंप आणला. कुलरची मोटार, सायकलच्या ट्यूबचे वळे, पत्र्याचे पाइप. पिंपाच्या बाजूला एक भोक पाडून त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी जोडली. ती सोंड कटरच्या पात्याशी धरली की भुसा उडायच्या आत आत ओढला जायचा. पिंपात कापडाची पिशवी. भुसा पिशवीत राहायचा आणि हवा मागच्या पाइपाने बाहेर. असली मशिनं आमच्याकडच्या बाजारात तोवर कुणी पाहिली नव्हती. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गल्ली लोटली. त्याने नानांची टोपी ओढली, माझी रिबीन ओढली, आणि कुणीतरी म्हणालं, याला तर भस्म्या रोग झालाय. तेव्हापासून त्याचं नाव भस्म्याच पडलं.

पिशवी आईने शिवली होती, गादीपाटाच्या जाड कापडाची, दुहेरी टीप घालून. नानांनी तिला हाताला धरून कारखान्यात नेलं. जमीन आरशासारखी. "आते तुले धूय लागनार नही," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी आईचा हात धरलेला मी तेवढ्या एकदाच पाहिला. ती लाजून चूर झाली होती.

मागचा पाइप कारखान्यातच सोडला तर हवा पुन्हा आत फिरते, म्हणून नानांनी तो भिंतीतून पलीकडे काढला. पलीकडे म्हणजे आमची मागची ओसरी. आई दिवसभर तिथेच असायची; निवडणं, टिपणं, शिवण, पापड, माझ्या वेण्या, सगळं तिथे. मोटारीमुळे हवा गरम होऊन बाहेर पडायची. पौष-माघात जळगावची थंडी हाडात शिरते, तेव्हा नाना मोठ्या कौतुकाने म्हणाले, "थंडीमा तुले शेकाले व्हई." आणि खुर्ची स्वतः उचलून पाइपापुढे ठेवली.

काय दिवस होते ते, आणि काय वेडे होतो आम्ही! थंडीत त्या पाइपापुढे बसायला माझी आणि सुनीलची भांडणं व्हायची. माझा शाळेचा धुतलेला गणवेश आई त्याच्यासमोर दोरीवर टाकायची. सकाळी तो कोमट असायचा आणि त्याला सागाचा वास यायचा. शेजारच्या बायका वांगी भाजून आणायच्या, भरीत ठेचणंही तिथेच, आणि ठेचून झाल्यावर हिरव्या मिरच्यांनी चुरचुरणारी बोटं आम्ही पाइपाच्या वाऱ्यात धरायचो. आई मध्ये बसलेली, पाठीवर ती ऊब घेत. बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, नवऱ्याने बायकोसाठी मशीन केलं." आई हसायची. मग खोकायची.

खोकला कमी होईना. नानांना वाटलं, भस्म्याची ताकद कमी पडतेय. त्यांनी मोटार बदलली. थोडे दिवस बरं वाटलं, म्हणजे आम्हाला तसं वाटलं, मग खोकला पुन्हा चढला. नानांनी पिंप उघडून बोटाने पिशवी चाचपली. "कापड जाड शे. मशीनना दम कोंडास," ते म्हणाले. मग आईने गादीपाट सोडून खादीची पिशवी शिवली. पुढच्या वर्षी आणखी मोठी मोटार आली, तेव्हा आपल्या जुन्या सुती लुगड्याची. त्यानंतर वॉयलच्या साडीची. पिशवी जितकी पातळ, तितका भस्म्या जोरात ओढायचा आणि कारखाना तितका चकाचक. पारोळ्याहून, भुसावळहून सुतार मुद्दाम बघायला यायचे. नाना त्यांना पायातले जोडे काढून जमिनीवर अनवाणी चालायला लावायचे आणि तळवे बघा म्हणायचे. तळव्यांना भुशाचा कण लागायचा नाही. आणि भिंतीपलीकडे आई खोकत असायची.

मला कळलं ते खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आदल्या संध्याकाळी सगळी मशिनं पुसून, तेल देऊन, एका ओळीत मांडायची. नवमीला हळदकुंकू, झेंडू, खोबरं. त्या दिवशी बटनाला कुणी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाही नाही. नाना म्हणायचे, वर्षभर राबणाऱ्याला दोन दिवस निजू द्यावं. वर्षाचे ते दोन दिवस घरात इतकी शांतता असायची की पत्र्यावर चालणाऱ्या चिमणीचे पाय ऐकू यायचे. मी तेरा वर्षांची होते. दसऱ्याच्या दुपारी आई खापरावरचे मांडे करत होती; हातावर मांडा फिरवत ती ओवी गुणगुणत होती. ओवी संपली. दुसरी सुरू झाली. मी दारात उभी राहून मोजत होते. चौथी ओवी संपली तरी ती खोकली नव्हती. संध्याकाळी सोनं वाटायला ती शेजारच्यांच्या जिन्याने वर गेली, आणि मध्ये एकदाही थांबली नाही.

एकादशीला सकाळी भस्म्या चालू झाला. दुपारी ती कण्यातून वाकून खोकत होती.

मी गप्प राहणारी कसली. त्याच संध्याकाळी तिला म्हटलं, "आई, नवमीला तू खोकत नाहीस. दसऱ्याला नाहीस. मशीन लागलं की खोकतेस. तो पाइप..." तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात थंड होता. मग म्हणाली, "त्यासले सांगू नको." मी म्हटलं, का? "मनासाठे करेल शे त्यास्नी. जीव वतेल शे त्यामा." तिच्यासाठी केलं, जीव ओतला, म्हणून सांगायचं नाही! मी चिडले, रडले, पाय आपटले. तिने मला शपथ घातली. आणि नंतर माझी वेणी सोडून पुन्हा घातली, जणू ती सैल झाली होती.

म्हणजे तिला माहीत होतं. त्या पाइपापुढची खुर्ची तिने एक दिवसही हलवली नाही. पिशव्या तीच शिवत राहिली, एकीपेक्षा एक पातळ. शपथ शपथ काय घेऊन बसलात, असं मला कुणी म्हणेल, म्हणा खुशाल. तेराव्या वर्षी मी भ्याले, सोळाव्या वर्षी मला सवय झाली, आणि विसाव्या वर्षी आई गेली. माघ महिना होता. शेवटच्या दिवसांत तिची खाट नानांनी ओसरीत, पाइपाजवळच ठेवली होती. ऊब लागावी म्हणून.

भस्म्या नानांनी त्याच आठवड्यात बंद केला आणि त्याच्यावर ताडपत्री टाकली. त्यानंतर दर वर्षी आईच्या श्राद्धाला, कावळा शिवून झाला की, नाना हात धुता धुता तेच एक वाक्य बोलतात. "मशीन पाच वरीस आधी करं असतं, तं ती वाची जाती." तीस वर्षं मी ते वाक्य ऐकतेय आणि तीस वर्षं पानात मीठ वाढतेय. हे दुःखच त्यांचा आधार आहे, हे मला दिसत होतं. उशीर झाला, पण केलं तिच्यासाठीच. एवढ्यावर तो माणूस उभा आहे.

आता कारखाना सुनीलचा आहे. सागाची कपाटं गेली, आता दाबलेल्या लाकडाच्या फळ्या येतात, गुळगुळीत, खाकी. कापल्या की त्यांचा भुसा पडतच नाही. पडतं ते पीठ, टाल्कम पावडरसारखं. रूपाली आली त्या आठवड्यात ती शिंकली म्हणे दोनदा. नानांनी ताडपत्री काढली. त्यांनी पंखा साफ केला, वळे बदलले, आणि रूपालीकडून पिशवी शिवून घेतली, तिच्या जुन्या ओढणीची. आणि आता तिचा खोकला वाढला म्हणून ते दुप्पट ताकदीची मोटार आणून बसले होते. दसरा झाला की एकादशीला मुहूर्त.

नवमी उजाडली. मशिनं ओळीत मांडलेली, प्रत्येकावर झेंडूचं फूल. भस्म्याला मात्र हार. घर गप्प. मी काही न बोलता दिवसभर कान देऊन होते. रूपाली सकाळी दोनदा खोकली, दुपारी एकदा. दसऱ्याला ती आणि माझी भावजय मांडे करता करता कुठल्याशा मालिकेवरून खिदळत होत्या, आणि खोकला नाही. मी परातीतलं पीठ मळता मळता मोजत होते.

मी आधी पळवाटा शोधल्या. खोटं कशाला सांगू. रूपालीला म्हटलं, तू पुढच्या खोलीत शिवत जा ना. "अहो, नाना मुद्दाम खुर्ची मांडून देतात इथे. त्यांना वाईट वाटेल." सुनीलला म्हटलं, पाइप छपरावर काढ. तो म्हणाला, "अक्का, नानांच्या मशीनला हात लावायचा? महाभारत होईल घरात. तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात." मग सोनं द्यायच्या निमित्ताने नानांजवळ बसले आणि अगदी सहज म्हणावं तसं म्हटलं, "नाना, यावेळी पाइप वर काढू या का?"

"का?" ते म्हणाले. आपट्याचं पान त्यांच्या हातात होतं, तोच हात त्यांनी पाइपाच्या दिशेने केला. "तुनी माय आठेच बसे. दहा वरीस. तिले कधी तरास व्हयना का? सांग."

मी त्यांच्या पाया पडले आणि आत निघून आले. तोफ म्हणे! स्वयंपाकघरात जाऊन मी पाणी प्यायले, आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या.

एकादशीच्या सकाळी सगळे कारखान्यात जमले. नानांनी धुतलेला सदरा, टोपी घातली होती. नारळ फुटला, पाणी पिंपावर शिंपडलं. नवी मोटार निळ्या रंगाची, तिच्यावर कुंकवाचं बोट. नानांच्या चेहऱ्यावर मी ते हसू पुष्कळ वर्षांनी पाहिलं. "सूनबाई," ते म्हणाले, "बटन तू दाब. तुनासाठेच शे." रूपालीने हात ओढणीला पुसला, पुढे झाली आणि बोट बटनावर ठेवलं.

"थांब," मी म्हटलं.

"फोटो काढता का, अक्का?" तिने ओढणी नीट केली आणि हसून माझ्याकडे पाहिलं.

"नाना," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. "ही पिशवी भुसा धरते. धूळ नाही धरत. जी सगळ्यात बारीक, ती कापडातून निघून जाते आणि पाइपातून ओसरीत पडते. आपल्याला इथे जमीन स्वच्छ दिसते. ती धूळ हिच्या छातीत जाते."

"अक्का, सणाचं काय हे," सुनील म्हणाला.

नाना हसलेच. "येडी शे का? मंग तुनी मायले..."

ते तिथे थांबले. मी थांबायला हवं होतं की नाही, देव जाणे. मी म्हटलं, "आईच्याही गेली, नाना."

रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. नाना माझ्याशी वाद घालतील, टोपी फेकतील, मला घराबाहेर काढतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते वळले, पिंपाचं झाकण काढलं, आणि ओढणीची पिशवी बाहेर काढली. दारातल्या उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं. मग त्यांनी पिशवीवर एक चापट मारली. उन्हात पांढरं काहीतरी उठलं. ते खाली बसेना. नाना बघत राहिले. सगळ्या जन्माचं मशीनचं ज्ञान ज्या माणसाच्या बोटात, त्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता पडतील. सुनील पुढे सरकला. नानांनी हातानेच त्याला थांबवलं.

"तिले माहीत व्हतं का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

एक खरं बोलून झालं होतं. दुसरं बोलायची माझ्यात ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. "नाही, नाना," मी म्हटलं. "तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

नानांनी पिशवीची घडी घातली. चारपदरी, कडेला कड लावून, बायका साडीची घालतात तशी. ती भस्म्यावर ठेवली.

"रोज सांजले मी चहा प्याले ओसरीमा जाऊ," ते म्हणाले, "तं फरशी ओली ऱ्हाये. खुर्ची ओली. पाइपखालनी भित ओली. मी तिले विचारू, रोज काय धुस वं? ती म्हने, मांजर घाण करी गयी."

त्यांनी टोपी काढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दहा वरीस, लेकी. आपला घरमा कोनती मांजर व्हती?"

रूपालीने बटनावरचं बोट केव्हाच काढून घेतलं होतं.